पाठ न टेकलेला पैलवान

सांगली, ३ नोव्हेंबर १९७४
आजपासून मी येशूचा. पूर्ण. अर्धवट काम मला आवडत नाही. दवाखान्यात डोक्याला टाके पडले होते (समोरच्याला जास्त पडले), तेव्हा पाळक रणभिसे खाटेशेजारी बसून शुभवर्तमान वाचायचे. ऐकून रडलो. खरंच रडलो. उभ्या आयुष्यात कुस्तीत पाठ मातीला लागली नाही, तो मी.
२४ तारखेला कृष्णेत बाप्तिस्मा. फलटणला बायकोला, अंजनाला, आधीच निरोप धाडला होता. मनगट मोडल्यापासून ती माहेरीच आहे. दारात सापडलं होतं. दार मी लावलं, ते वेगळं. तिचा उलट निरोप आला: खरंच बदलला असाल तर त्याच दिवशी तुमच्यासंगं घरी येते.

७ नोव्हेंबर
राग सोडला. सकाळीच सोडला. दुपारी शेजारचा शमशेर सायकलवाला म्हणाला, सयाजी अन् गरीब गाय? व्हय व्हय! आणि हसला. पंपाने हाणला. पंप त्याचाच होता, म्हणजे माझा हात लागला असं म्हणता येत नाही. मारताना तोंडात शिवी आली नाही. इम्प्रूव्हमेंट आहे.

१० नोव्हेंबर, रविवार
उपासनेला पहिल्या बाकावर. प्रार्थना चालू असताना नाथाजी घोरत होता. देवाच्या घरात! एकच ठेवून दिली. दात पडला. हलतच असणार. नंतर पाळकांनी बाजूला घेऊन विचारलं, पैलवान, मन दिलंय न्हवं प्रभूला? म्हटलं, मनच काय, दंडासकट दिलंय. म्हणाले, दंड अजून तुमच्याकडंच दिसत्यात.
म्हातारा चेष्टेखोर आहे. वजन असेल माझ्या एका मांडीएवढं.

१७ नोव्हेंबर
अडचण. बाप्तिस्म्याची पद्धत आज कळली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, पाळक छातीवर हात ठेवून मागे आडवं करणार. म्हणजे उताणं! विचारलं, पालथं चालेल का? म्हणाले, जुना सयाजी मरायचाय गड्या. मेल्याला कुणी पालथं पुरतंय व्हय?
घरी प्रॅक्टिस केली. खाटेवर पाठ टेकायला गेलं की अंग आपोआप कुशीवर वळतं. तालमीची सवय. श्रद्धेशी संबंध नाही. ऐनवेळी जमेल.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
जमलं नाही.
अंजना आली होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी. कपडे घेऊनच आली होती. मनगट जरा वाकडं बसलंय. लांबून एवढं दिसत नाही.
पाळकांनी नाव घेतलं, छातीवर हात ठेवला, मागे रेटलं. खांदा पाण्याला लागला. पुढचं नीट आठवत नाही. लोक म्हणतात मी धोबीपछाड मारला. पाळक माझ्या खांद्यावरून गेले ते घाटाच्या पायरीवर. आणि मी दोन्ही हात वर केले म्हणे, कुस्ती मारल्यावर करतात तसे. क्षणभरच केले असतील.
अंजनानं पिशवी उचलली. मी हाक मारली, तर तिनं आधी मनगट पदराआड घेतलं. मग निघाली.

२६ नोव्हेंबर
पाळकांच्या खांद्याचं हाड मोडलंय. प्लॅस्टर. उताणे पडून आहेत. शेवाळावरून पाय घसरला, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले, एक हात शाबूत हाय, पुन्यांदा उतरू. पर तुमाला दुसऱ्यानं पाडून भागायचं न्हाई पैलवान. तुमचं तुमीच पडाय पायजे.
शेवाळ तसंच खिशात घेऊन परत आलो.

२७ नोव्हेंबर, दुपार
दार लावून घेतलं. हळू. फरशीवर उताणा झालो. अंग वळलं. परत झालो. बऱ्याच वेळाने दोन्ही खांदे टेकले. फरशी गार होती. मोठ्याने म्हणालो, प्रभू, दारात सापडलं नव्हतं. मनगट मी पिरगाळलं. ती नको नको म्हणत होती तरी पिरगाळलं.
खूप रडलो. मग उठायला गेलो तर पाठीत उसण भरली. हलता येईना. हाक मारायला जवळ कोण, तर शमशेर. त्यानं दार ढकलून बघितलं, म्हणाला, कुणी पाडलं रं तुला? म्हटलं, मीच. त्याला काही ते पटलं नाही.
मला उठवायला त्यानं एक हात पुढे केला. दुसरा स्वतःच्या तोंडापुढे आडवा धरला होता.