कोजागिरीनंतरची पानं

आई,

दादा काल नागपूरला परत गेला. कंपनीने त्याला इकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला ट्रेनिंगसाठी पाठवलं होतं. मधल्या शनिवारी मी त्याला हायडेलबर्गला नेलं आणि त्याला सगळी पानं बघायला मिळाली. किल्ल्यामागची अख्खी टेकडी लाल-पिवळी, वर निळं आभाळ, वाऱ्याचं नाव नाही. त्याने ना तारीख ठरवली होती, ना हवामान पाहिलं होतं. कंपनीने तिकीट हातात ठेवलं आणि स्वारी आली. बरं, आल्यावर तरी बघावं! अर्धा वेळ फोनवर कुणाला तरी कुठला पार्ट कुठे अडकलाय ते समजावत होता. मी शेजारी उभी राहून नुसती जळत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल, म्हणून तुला सांगते. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण दादाच्या बाबतीतली माझी गाऱ्हाणी ऐकायची सवय तुलाच आहे.

तुझ्यासाठी मी किती आटापिटा केला होता! तू फोनवर म्हणाली होतीस, "तिकडची झाडं म्हणे लाल होतात, एकदा बघायचीत मला." स्वतःसाठी तू काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. गेर्लिंगेनच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ऑक्टोबरच्या मध्यावर, गेनाऊ!" म्हणजे अगदी नेमकं तेव्हाच. मग आदल्या वर्षी दसरा कधी होता ते आठवलं, त्यात तुझे आवराआवरीचे चार दिवस धरले, तिकीट काढलं, उरलाउब, म्हणजे इथली रजा, मंजूर करून घेतली आणि मोठ्या ऐटीत तुला कळवलं. तू फोनवरच महिने मोजलेस. मग म्हणालीस, "अगं, यंदा अधिक महिना होता ना! तू म्हणतेस त्या तारखेला माझे घटसुद्धा बसलेले नसतील." इंजिनिअर म्हणवून घेते मी, आणि अधिक महिना विसरले. इथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो असतो कुठे! तरी मी म्हटलं, दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी नीघ, थोडी पानं सापडतील. त्यावर तू म्हणालीस, "कोजागिरी झाल्याशिवाय कशी निघू? दादाला ओवाळायचंय."

झालं. त्या पौर्णिमेला थोरल्या मुलाला ओवाळायचं ही आपल्याकडची रीत, आणि धाकट्यांसाठी वर्षभरात असा एकही दिवस नाही. मला अजून दिसतंय ते. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात दूध आटतंय, वेलदोड्याचा वास सुटलाय. दादा नवा शर्ट घालून पाटावर बसलाय, पाटाभोवती रांगोळी. मी बदाम सोलतेय, कारण बदाम सोलायचं काम कायम माझ्याकडे. "आणि मला?" मी विचारते. "तू धाकटी ना गं," तू म्हणतेस. मग माझा चेहरा बघून तबकातलं उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला टेकवतेस. ते उरलेलं आहे हे मला नीट कळतंय.

दादा त्या वर्षीही नागपूरहून आला, ओवाळून घेतलं, दूध प्यायला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. तू आलीस तोवर इकडे दोन दिवस वादळी पाऊस होऊन गेला होता. तरी मी तुला हायडेलबर्गला नेलंच. टेकडीवर नुसत्या काड्या. खाली पालिकेची माणसं घूं घूं करणाऱ्या यंत्राने ओल्या पानांचे ढीग लावत होती. नदीकाठच्या बाकावर बसून आपण तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. "झाडं चांगली आहेत गं," तू म्हणालीस, "पानं असती तर अजून छान दिसली असती." मला हसू आलं नाही. मग तू घड्याळ बघितलंस आणि विचारलंस, "आत्ता आपल्याकडे किती वाजले? दादा जेवला असेल ना?" मी फिस्कारले, "आई, तू माझ्याकडे आली आहेस." तू पुरीचा तुकडा मोडता मोडता म्हणालीस, "एवढी मोठी झालीस, पण अजून दादाच्या पेल्यात किती आणि आपल्या पेल्यात किती, हेच बघतेस." पुढचे सहा आठवडे हेच. सकाळी उठलीस की दादाचा फोन आला का, पोळी लाटताना दादाला अशीच मऊ लागते, झोपताना दादाचं बीपी.

आणि त्या शनिवारी हायडेलबर्गला, त्याच झाडांखाली, दादाने एकदाचा फोन खिशात टाकला. माझी लेक त्याच्या हातात एकेक पान आणून देत होती आणि "मामा, शाऊ माल, बघ ना!" म्हणत होती. तो ती पानं बघत राहिला. मग मला म्हणाला, "तुझा मला फार हेवा वाटायचा, माहितीये? आई तुझ्याकडे सहा आठवडे राहिली. माझ्याकडे चार दिवसांवर कधी टिकली नाही, म्हणायची घराला कुलूप नको. मला ती मिळायची ओवाळण्यापुरती. तुला ती पोटभर मिळाली."

आई, मला इतका आनंद झाला! दादाला माझा हेवा वाटतो! मी तिथल्या तिथे त्याला सांगू शकले असते की ते सहा आठवडे तू त्याच्याचबद्दल बोलत होतीस, माझ्या घरात राहून त्याच्याच घरात होतीस. परतीच्या गाडीत तो समोरच बसला होता, डोळे जरा ओले होते, सांगायला वेळ भरपूर होता. मी म्हटलं, "हो रे, खूप मजा केली आम्ही दोघींनी." खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा त्याची झाली असतीस. म्हणून नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही.