ट्रकखालची जागा

बाबा, ताईने काल तुमच्या ट्रकची चासी कापली. तुम्ही गेल्यापासून तो स्लाऊच्या गॅरेज-युनिटमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. इतक्या वर्षांनी त्याला तुमचा म्हणणाऱ्या आता आम्ही दोघीच उरलो आहोत. तुम्हाला तो जुना अमेरिकन पिकअप जमिनीलगत बसवायचा होता, तसा तो आता बसेल. हे फक्त कळवतेय. मला आनंद झाला आहे असं समजू नका.

मला तिथला शनिवार आठवतो. शटर अर्धं वर आहे. ट्रकखालून चार पाय बाहेर आलेत, दोन तुमचे आणि दोन ताईचे. आईने दिलेला चहाचा थर्मास घेऊन मी उभी आहे. खालून तुम्ही दोघं काहीतरी बोलता आणि हसता, आणि माझी चाहूल लागली की गप्प होता. मी वाकून बघते तेव्हा तुम्ही म्हणता, ‘‘ए, कपडे खराब होतील. थर्मास ठेव आणि घरी जाऊन अभ्यासाला बस. परवा फिजिक्सचा पेपर आहे ना?’’ ताई त्या वर्षी गणितात नापास झाली होती. तिला कुणी अभ्यासाला बस म्हणत नव्हतं. तिच्याकडे तुम्ही पाना मागत होतात. वर्गात पहिली येणारी मी, नापास झालेल्या बहिणीवर जळत, बसमधून घरी जायचे. वाढदिवसाला तुम्ही तिला वेल्डिंगचा मास्क दिलात आणि मला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर उत्तम होता. मला मास्क हवा होता.

पुढे मी तुम्हाला हवी तशी इंजिनिअर झाले. रीडिंगच्या ऑफिसात बसून मी कुठला भाग किती भार सोसेल आणि कुठे तडकेल याचा हिशोब करते. माझे हात स्वच्छ असतात. ताईच्या नखांत मात्र तुमच्यासारखीच काळी रेघ असते, आणि इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालाही ती रेघ ताई लपवत नाही. काकू मंडळी म्हणतात, ‘‘अगदी बाबांवर गेली आहे हो.’’ मग माझ्याकडे वळून विचारतात, ऑफिस कसं चाललंय. मी म्हणते, छान.

काल तिचा फोन आला. ‘‘कापायच्या आधी एकदा येऊन बघतेस?’’ मी ऑफिसमधून तशीच गेले. ‘‘काय गं, या शूजमध्ये? प्रेझेंटेशन द्यायला आलीस का?’’ ती ट्रकखालूनच म्हणाली. ‘‘ये, आडवी हो. जागा आहे.’’ मी कोट काढला आणि पहिल्यांदाच त्या ट्रकखाली गेले. पाठीला काँक्रीट गार लागत होतं. ट्रक जमिनीलगत आणला की मागच्या चाकांचा ॲक्सल खड्ड्यात उसळून चासीवर आपटतो, म्हणून त्याच्या बरोबर वर चासीला खालून अर्धगोल खाच कापायची आणि ती जागा जाड प्लेटने पुन्हा मजबूत करायची. ताईने खडूने खाच आखली होती, अगदी तुमच्या हातासारखी सफाईदार. पण ती कमी पडत होती.

‘‘हे माप रिकाम्या ट्रकचं आहे,’’ मी म्हटलं. ‘‘गणपतीत मंडळाचं मागे काय काय चढणार?’’

ती बोटांवर मोजू लागली, ‘‘मखर. फोल्डिंगच्या खुर्च्या. ढोल. मसालेभाताची पातेली... अरे देवा, भरलेली पातेली!’’

‘‘एवढ्या वजनाने ट्रक आणखी खाली बसला असता, आणि हॉलपर्यंत पोचायच्या आत ॲक्सल आपटला असता.’’

ती इतकी हसली की तिचं डोकं वर आपटलं. ‘‘बाबा उगाच नाही म्हणायचे. कापायचं काही असलं की आधी धाकटीला दाखव, तिची नजर चुकत नाही.’’

‘‘कधी म्हणाले?’’

‘‘कधी म्हणजे? ऑलवेज. इथे आडवे झाले की तुझंच पुराण सुरू. फिजिक्समध्ये किती, टीचर काय म्हणाली. मला तर पाठ झालं होतं. आय हेटेड यू, ट्रुली.’’

मी खडू घेतला आणि नवी खूण केली. तिने खाच कापली, मी टॉर्च धरला. काम चांगलं झालं. पण आज दिवसभर मला तुमचा राग येतो आहे, बाबा. तुम्ही तिला ट्रक दिलात, पाना दिलात, शनिवार दिलेत, हे मी कधीच मोजून ठेवलं होतं. माझं कौतुकसुद्धा तुम्ही तिलाच दिलंत, हे मला माहीत नव्हतं. मी थर्मास घेऊन तीन फुटांवर उभी होते. तेवढं मोठ्याने बोलायला काय हरकत होती? आणि ती बिचारी पाठीवर पडून माझ्या मार्कांचं ऐकत होती, हेही कळलं. तरी हेवा गेलेला नाही. तुमच्या आवाजात ते तिने ऐकलंय, मी नाही.

हे पत्र ताईला दाखवणार नाही, आणि तुमचा तर पत्ता नाही. एवढंच सांगायचं राहिलं, की काल ती तुमचं ते ‘तिची नजर चुकत नाही’ म्हणाली तेव्हा युनिटमध्ये अगदी शांतता होती आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. तरी मी तिला विचारलं, ‘‘काय म्हणालीस? परत सांग.’’