चौथा फर्मा

दि. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून महिना झाला, उत्तर द्यायला हात होत नव्हता. आता आडपडदा ठेवत नाही. ह्यांचं दुखणं साधं नाही. परवा डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, की फार तर अडीच-तीन महिने. ह्यांना सांगितलेलं नाही. पण जन्मभर गणित शिकवलेल्या माणसापासून आकडे किती दिवस लपणार? काल आपणहून म्हणाले, की दादाला विचार, माझ्या पुस्तकाचं काय करतोय.

तेच विचारते. दोन वर्षं ते हस्तलिखित तुझ्या कपाटात आहे. आपण नापास केलेल्या मुलांवर पुस्तक लिहिणारा मास्तर दुसरा सापडणार नाही, असं तूच म्हणाला होतास. तुझं काम चोख असतं, उशीर होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आता चोखपणा थोडा बाजूला ठेव. एवढी एकच गोष्ट आयुष्यात तुझ्याकडे मागते आहे.

वहिनीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
ठकू

---

दि. ११ जून

चि. ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं, वहिनीनेही वाचलं. धीर धर, असं लिहिणं सोपं असतं, म्हणून लिहीत नाही. काम सुरू केलं, हे लिहितो. हातातली दोन पुस्तकं मागे सारली. त्यातल्या एका कवीने अबोला धरला आहे. धरू दे, तेवढीच शांतता.

आमची पद्धत तुला माहीत आहे. वहिनी मूळ प्रत मोठ्यांदा वाचते, स्वल्पविराम, पूर्णविरामांसकट, आणि मी मुद्रितावर बोट ठेवून ऐकतो. बत्तीस वर्षांत या बाईला इतकी सवय झाली आहे, की भाजीवाल्याशी भांडतानाही मध्येच उद्गारचिन्ह म्हणते. मास्तरांचं तिसरं प्रकरण वाचताना मात्र ती मध्येच थांबली. उठून गेली, तोंड धुऊन आली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

मास्तरांना सांग, पुस्तक टपालाने येणार नाही. पहिली प्रत लेखकाच्या हातात मी स्वतः ठेवतो, तशी त्यांच्याही ठेवीन. वीस तासांचा प्रवास आहे, पण येईन.

तुझा,
दादा

---

दि. ३ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शेवटची मुद्रितं तपासून गेल्या आठवड्यातच परत पाठवली आहेत. पहिली वीस पानं ह्यांनी तपासली, पुढे पेन्सिल हातातून गळायला लागली. मग मी वाचलं आणि ह्यांनी ऐकलं. तुझ्या घरची पद्धत आमच्याकडे आली म्हण. एका चुकीवर आम्ही भांडलोसुद्धा. फार बरं वाटलं भांडून.

पण दादा, आता दिवस बरे नाहीत. अन्न जात नाही. डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत. फाटक वाजलं की विचारतात, दादा आला का. काल म्हणाले, वाचायचं आता राहू दे, मला ते एकदा नुसतं हातात धरायचं आहे, वजन बघायचं आहे. उशाशी जागा करून ठेवली आहे, औषधाच्या बाटल्या खिडकीत नेऊन ठेवायला लावल्या मला.

जे असेल ते, जसं असेल तसं घेऊन ये. लवकर ये.

तुझी,
ठकू

---

दि. १० ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. आ.

छपाई झाली. पुस्तक बाइंडरकडे आहे. थोडी अडचण आली आहे, आठवडाभरात निघतो. मास्तरांना म्हणावं, कापडी बांधणी आहे, निळा रंग, कणा असा ताठ की त्यांच्या वर्गातली मुलंही कधी इतकी ताठ बसली नसतील.

तू जेवतेस ना? आजाऱ्याच्या घरात दुसरा आजारी पडतो, म्हणून विचारलं. वहिनी दुखऱ्या गुडघ्यानिशी माझी बॅग भरून बसली आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
दादा

---

दि. २६ ऑगस्ट

ताईंस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी तुमच्या दादांचा बाइंडर, सव्वीस वर्षं त्यांचीच पुस्तकं शिवतो. मास्तर गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. मला पत्र लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट पोटात ठेवून जेवण जाईना, म्हणून लिहितो. मास्तरांच्या पुस्तकाची एक प्रत मी आठ तारखेलाच शिवून दादांच्या हातात दिली होती. त्यांनी उभ्याउभ्या पानं चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. सोळा पानांचा एक फर्मा असतो. चौथ्या फर्म्यात छापखान्यात दोन पानांची अदलाबदल झाली होती. मी म्हणालो, ही प्रत घेऊन आजच गाडी पकडा, बाकीच्यांचं मी बघतो. ऐकेनात. मग म्हणालो, हा कागद संपलाय, दुसरा आहे, त्यावर तेवढा फर्मा छापून घेऊ, उद्या सकाळी नवी प्रत देतो. तर म्हणाले, एका पुस्तकात दोन रंगांचा कागद? मास्तरांना? तोच कागद यायला सहा दिवस गेले.

दादा वाईट नाहीत, ताई. ते सहा दिवस रोज दुकानात येऊन कोपऱ्यात बसायचे, चहालाही हात लावत नव्हते. ती पहिली प्रत फाडून टाका म्हणाले होते. मला फाडवली नाही. सोबत पाठवतो आहे. तुम्हाला पत्र टाकल्याचं आजच दादांना सांगणार आहे, लपवून काही करायचं नाही.

आपला नम्र,
बाइंडर

---

दि. २९ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. आ.

बाइंडरने लिहिलं ते खरं आहे, अक्षर न् अक्षर. मीच लिहायला हवं होतं. सतरा तारखेला तुझ्या दारात आलो आणि बाहेर भेटायला आलेल्यांच्या चपलांचा ढीग पाहिला, तेव्हापासून रोज लिहितो आहे आणि फाडतो आहे. आदल्या दुपारीच गेले, असं तू म्हणालीस. पुस्तक पिशवीतून काढायची लाज वाटली. टेबलावर ठेवून आलो. तू पाहिलंस की नाही, तेही विचारलं नाही.

सबब नव्हे, फक्त सांगतो. माझं पहिलं पुस्तक एका निवृत्त ग्रंथपालांचं होतं. मी ऐटीत पहिली प्रत दिली. त्यांनी उघडली, पहिल्याच पानावर त्यांच्या आईचं नाव चुकलेलं होतं. त्यांनी ते मिटून ठेवलं. पुढे नऊ वर्षं जगले, ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही. तेव्हा शपथ घेतली, की चुकलेली प्रत लेखकाच्या हाती देणार नाही. बत्तीस वर्षं पाळली. लोकांनी वाहवा केली, मीही फुशारलो.

मास्तरांना वाचता येत नाही, हे तू लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या खिशात होतं. तरी मी कागदाची वाट बघत बसलो. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय म्हणू? वहिनी माझ्याशी बोलत नाही. प्रकाशन बंद करतो आहे. आता कोणाचं पुस्तक हातात घेववत नाही.

तुझा,
दादा

---

दि. १२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. पंधरा दिवस मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तुला पाहताच हंबरडा फोडला होता मी, आठवतं? तू तेव्हा पाठीवर हात ठेवलास. त्या हाताचा आता राग येतो.

बाइंडरची प्रत वाचली. तुझी नाही उघडली. चौथ्या फर्म्यात चुकलंय काय, तर एका नापास मुलाची आई आधी रडते आणि निकाल मग लागतो. एवढंच. हे असते तर पोट धरून हसले असते. म्हणाले असते, ठकू, बरोबरच आहे, आयांना आधीच कळतं. मग चार जणांना बोलावून दाखवलं असतं.

सोळा तारखेला सकाळी फाटक वाजलं. दूधवाला होता. ह्यांनी हात पुढे केले, असे, दोन्ही तळवे वर. दादा नाही, दूधवाला आहे, असं मी सांगितलं. तरी बराच वेळ हात तसेच होते. शेवटी मी माझे हात त्यांत ठेवले. म्हणाले, हे नव्हे गं.

त्यानंतर काही बोलले नाहीत.

प्रकाशन बंद करू नकोस. तसं केलंस तर तुला शिक्षा झाल्यासारखं वाटेल आणि तुझं तू सुटशील. तुझ्या कपाटात आणखी म्हातारी माणसं पडून असतील, त्यांना आधी बाहेर काढ. तू प्रकाशक फार चांगला आहेस, दादा, सगळे म्हणतात आणि खरंच आहे. त्या सहा दिवसांत मला प्रकाशक नको होता, भाऊ हवा होता.

यंदा इकडे येऊ नकोस. वहिनीला पाठव, तिच्याजवळ रडायचं राहून गेलं आहे. तुझ्यावर लोभ आहे, तो कुठे जाणार? पण तो वाढावा, असं आज लिहवत नाही.

तुझी,
ठकू