लांब काठी, चार माना आणि चुकीच्या आट्यांचा ब्रश

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा खिडक्यांच्या काचा धुणे, राहणार गल्लीतले शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायकोचे आहे, पण ते बेचाळीस वर्षांपासून आहे आणि वकीलबाई म्हणतात की कायदा ते दडपण धरत नाही. चहाखेरीज कुठलीही नशा केलेली नाही. यापूर्वी एकही मृत्युपत्र केलेले नसल्यामुळे आधीचे रद्द समजावे असे लिहायची सोय नाही.

तब्येत बरी असताना हे कशाला, असे मुलीने विचारले. एक तर काठ्या आता तिच्या हाती गेल्या आहेत, आणि कुठली जोडणी कशासाठी हे मी गेल्यावर तिला सांगायला कोणी राहणार नाही. दुसरे कारण सहाव्या कलमात आहे. खरे बोलायचे तर तेवढ्यासाठीच कागद पुढे ओढला. ते माझ्या मेव्हण्यांबद्दल आहे, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाबद्दल. नऊ वर्षे ते आमच्या घराची पायरी चढलेले नाहीत. त्याला कारण मी आहे, आणि ही गोष्ट आजवर घरात माझ्याखेरीज कोणालाही माहीत नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि मागचे अंगण, अंगणातल्या पाण्याच्या टाकीसह पत्नीला. तिच्यानंतर मुलीला. घराला पाच खिडक्या आहेत आणि पाचही मळलेल्या आहेत. दिवसभर लोकांच्या काचा धुऊन आल्यावर आपल्या धुवायचे जिवावर येते. याबद्दल पत्नीने आजवर जे जे ऐकवले ते सगळे मला मान्य आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते पत्नीला. पासबुक पिठाच्या डब्यामागे असते. ते मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हते, ते आता कळेल.

कलम तीन. काठ्या. ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आता आम्ही शिडीवर चढत नाही, जमिनीवर उभे राहून तिसऱ्या मजल्याची काच धुतो. लांब पोकळ काठी, तिच्या आतून वर जाणारी नळी, टोकाला ब्रश आणि ब्रशातून पाणी. पाण्यातले क्षार आधीच गाळून काढलेले असतात, म्हणून काच पुसावी लागत नाही. नुसती सुकू द्यायची, डाग राहत नाही.

काळी काठी, कार्बनची, नऊ मीटरची, मुलीला. ती गेली तीन वर्षे माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही म्हणून इथे लिहितो. पुढेमागे नवी घ्यायची झाली तर एक लक्षात ठेव, बाळा. दुकानात काठी मिटलेली असते, आणि मिटलेली कुठलीही काठी हलकीच लागते. ती पूर्ण उघडायला लावायची, टोकाला ब्रश बसवायचा, ती उभी धरायची आणि दुकानदाराशी पाच मिनिटे गप्पा मारायच्या. बोलता बोलता आपले लक्ष आपल्याच खांद्याकडे गेले तर काठी परत. विजेच्या तारांजवळ मात्र हलकी असो की जड, कुठलीच काठी उघडायची नाही. गिऱ्हाईक कितीही गोड बोलले तरी.

पिवळी काठी, फायबरची, सहा मीटरची, मेव्हण्यांना. ती जड आहे आणि तिचे क्लॅम्प कुरकुरतात, पण आम्ही दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली काठी. का देतोय ते सहाव्यात.

कलम चार. काठी आणि ब्रश यांच्या मधला जो वाकडा जोड असतो त्याला आम्ही मान म्हणतो. माना चार आहेत, चारही मुलीला. आखूड मान रोजच्या सरळ खिडकीला. लांब मान जिथे सज्जा पुढे आलेला असतो आणि खिडकी आत दडलेली असते तिथे. फिरती मान सगळीकडे चालते म्हणून लोक तिच्यावर भाळतात, पण तिचा स्क्रू सैल होतो, दर पाच खिडक्यांनी आवळावा लागतो. चौथी प्लॅस्टिकची, ती कशासोबत तरी फुकट मिळाली. फुकट का मिळाली ते पहिल्याच थंडीत तडकल्यावर कळले, ती खुशाल फेकून दे.

ब्रश तीन. मऊ केसांचा गुळगुळीत काचेला, राठ केसांचा जुन्या लाकडी चौकटींना, मधला बाकी सगळ्याला. पाण्याची धार केसांच्या आत पडणारा ब्रश घ्यावा. आधी चौकट, मग काच, आणि शेवटी ब्रश काचेपासून उचलून नुसते पाणी, वरून खाली. घाई केली की चौकटीतली घाण अर्ध्या तासाने खाली उतरते आणि गिऱ्हाईक फोन करते.

आता ती गोष्ट, जी मी मुलीला हजारदा सांगितली पण का सांगतो ते कधी सांगितले नाही. आटे तपासायचे. मानेचे आटे आणि ब्रशाचे आटे दिसायला सारखे असतात, पण काहींचे जाड असतात, काहींचे बारीक. ब्रश हाताने चार फेरे सहज फिरला पाहिजे. जोर लावावा लागला तर तो ब्रश आपला नाही. यावर ती म्हणते, "बाबा, लग्न जमवताना लोक एवढी चौकशी करत नाहीत." तिने हसावे, पण फेरे मोजावे.

कलम पाच. किरकोळ. माझी वीस मीटरची निळी नळी कोपऱ्यावरच्या, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बोर्डवाल्याला. ती त्याच्याकडेच आहे. चार वर्षांपूर्वी "दोन तासांत आणून देतो" म्हणून घेऊन गेला होता, आणि रोज सकाळी मला बघून दोन तासांचे काही बोलत नाही. आता ती कायदेशीर त्याची झाली, म्हणजे त्याला निदान नजर वर करून नमस्कार करता येईल.

हार्डवेअरवाल्याने "चालून जाईल" म्हणत मला आजवर जे जे न बसणारे विकले, ती कपलिंगे, ते वॉशर, ते क्लॅम्प, मी पत्र्याच्या एका डब्यात जपून ठेवले आहेत. डबा त्याला परत. त्याच्या खुर्चीसमोरच्या फळीवर ठेवावा, म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर राहील. त्याच्यावर माझा राग नाही. पुढचे वाचल्यावर कळेल की रागवायचा अधिकारही मला नाही.

कलम सहा. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या तीन मजली दवाखान्याच्या काचा धुवायला आम्ही दोघे गेलो होतो, मी आणि मेव्हणे. त्यांची अर्धी हयात शिडीवर गेलेली, म्हणून सगळे त्यांना शिडीवाले म्हणतात. काठीला त्यांनी आधीपासून नाक मुरडले होते. "दाजी, ज्या वस्तूचं टोक आपल्या हाताला लागत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा," असे म्हणायचे. मी मनधरणी करून त्यांना काठीवर आणले होते.

त्या सकाळी जुना ब्रश झिजला होता म्हणून मी नवा आणला. आटे जुळत नव्हते. पहिल्या फेऱ्यालाच कळले. बदलून आणायचा तर सकाळ वाया गेली असती. मी नळाला लावतात ती पांढरी टेप घेतली, आट्यांवर दोन वेढे दिले आणि ब्रश दाबून बसवला. मेव्हणे तेव्हा टाकीला नळी जोडत होते. त्यांना मी काही बोललो नाही.

काठी त्यांच्या हातात असताना तिसऱ्या मजल्यावर ब्रश निसटला आणि दरवाज्यावरच्या काचेच्या छपरावर पडला. छप्पर फुटले. एक बाई बाळाला घेऊन त्याच्याखालून नुकतीच आत गेली होती. ती पाच पावले मागे असती तर मी आज हे समाधानाने लिहीत बसलो नसतो.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, "ब्रश कोणी बसवला होता?"

मी म्हणालो, "मेव्हणे बघतात ते."

एवढेच तीन शब्द. मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिले. मग काठी भिंतीला टेकवली, काचा बाजूला सारून खाली पडलेला ब्रश उचलला आणि माझ्या पिशवीत ठेवला. "येतो, दाजी," म्हणाले आणि गेले. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "यापुढे तुम्ही एकटेच या." मी दर महिन्याला एकटा जात राहिलो. तो ब्रश मी त्याच दिवशी, त्याच्याकडे न बघता, फेकून दिला.

तेव्हापासून ते शिडीवरची, पहिल्या मजल्यापर्यंतची कामे घेतात. पत्नी त्यांच्याकडे जाते, तेव्हा ते घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात, माझी सोडून. मुलगी लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून वाढली. तिने विचारले, मामा का येत नाही, तर मी म्हणालो, रागावलाय. त्यामुळे सगळ्या नातलगांत ते हट्टी ठरले आणि मी सोशिक. नऊ वर्षे मी हे नाव मिरवले. मला त्याची लाज वाटते.

म्हणून मी जाहीर करतो की तो ब्रश मी बसवला होता, चुकीचा आहे हे माहीत असताना बसवला होता, आणि खोटे बोललो. माझ्यामागे वकीलबाईंनी हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे आणि पिवळी काठी मेव्हण्यांच्या हाती द्यावी. मी त्यांची माफी मागतो.

कलम सात. हे कलम तीन महिन्यांनी लिहीत आहे, आधी ठरलेले नव्हते. कागद टेबलावर राहिला आणि पत्नीने वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेल्यावर दादानं हे ऐकायचं. आणि मग त्यानं बोलायचं कोणाशी? तुमच्या फोटोशी?" त्या दुपारी घरात एकच कप चहा झाला आणि तो माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. मेव्हणे शिंप्याच्या दुकानाची काच धुवत शिडीवर उभे होते. मी शिडीचा पाय धरला आणि खालूनच सगळे सांगितले. शिडीवरच्या माणसाला निघून जाता येत नाही, हा त्यातला फायदा. ते काच पुसत राहिले. मग उतरले.

"झालं बोलून?"

"झालं."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"इथून तिकडेच निघालोय."

"मग थांबा जरा. बादली ठेवून येतो."

दवाखान्यात मी पुन्हा सगळे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले. मग मेव्हण्यांना म्हणाल्या, "मी तुम्हालाही विचारायला हवं होतं. चुकलं माझं." मेव्हणे वर बघत म्हणाले, "तिसऱ्या मजल्याच्या चौकटी कोण धुतं हल्ली? कोपऱ्यात शेवाळ धरलंय." त्या चौकटी नऊ वर्षे मीच धुतो आहे.

तिथून ते माझ्याबरोबर घरी आले. पत्नी दारात उभी होती, तिने त्यांचा हात धरला आणि आत नेले. मुलगी कामावरून आली, मामाला बघून हातातली नळी तिथेच टाकली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवली, कारण डोळे भरून आले होते. बाहेर आलो तर मेव्हणे आमच्या खिडक्या बघत होते. "पाचही घाण आहेत," म्हणाले. "उद्या येतो."

आता कायद्याचा भाग. वकीलबाईंनी बजावले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, दिलेले रद्द होते. मी मेव्हण्यांना म्हणालो, काठी हवी की सही करायची, तुम्ही ठरवा. ते म्हणाले, "सही करतो. काठी आत्ताच द्या. तुमच्या मरणाची वाट कोण बघत बसणार?" म्हणून पिवळी काठी मी माझ्या हाताने त्यांना दिली आहे आणि ती या मृत्युपत्रातून वगळली आहे. त्यांनी ती घेतल्या घेतल्या ब्रश काढला आणि पुन्हा हाताने फिरवून बसवला. चार फेरे सहज गेले.

आता दर महिन्याला ते मुलीबरोबर दवाखान्यावर जातात. अजून नाक मुरडतात. "मामा, मान आवळा," असे ती ओरडते आणि ते आवळतात. सहाव्या कलमातले कबुलीचे शब्द मी खोडलेले नाहीत, ते राहू द्यावेत. माझ्यामागे मोठ्याने वाचायची मात्र गरज उरलेली नाही.

माझा फोटो लावलात तर त्याला काच लावू नये. पुसायचा कंटाळा कराल, आणि लोक म्हणतील याच्याच घरात मळकी काच.

याशिवाय मला कोणाला काही द्यायचे नाही, कोणाकडून काही घ्यायचे नाही. वर लिहिलेले वाचून, समजून, मनाला पटवून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: राहत्या घरची मागची खोली, धुतलेल्या खिडकीजवळ.
दिनांक सात, सोमवार, सकाळी नऊ.

(सही)
काचा धुणारा

साक्षीदार पहिला:
मी यांना तपासले आहे. पूर्ण शुद्धीत आहेत. उजव्या खांद्याला विश्रांती द्यावी.
(सही)
डॉक्टरीणबाई

साक्षीदार दुसरा:
सगळे वाचून सही केली. मजकूर बरोबर आहे, एक दुरुस्ती. टेपचे वेढे दोन नव्हते, पाच होते. ब्रश उचलला तेव्हाच मोजले होते.
(सही)
मेव्हणे