एका खणातली चार आगरं

गुरुजी, तुमच्या शोकसभेला मी आले होते, पण दुःख झालं म्हणून आले नव्हते. तुम्ही खरोखरच गेलात ना, एवढं बघायला आले होते. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत तुमचा फोटो टेबलावर ठेवलेला, त्याला झेंडूचा हार, आणि अध्यक्ष बोलायला उठले. तुमची शिस्त सांगून झाली, तुमचं अक्षर सांगून झालं, मग तुमचा विनोद म्हणून त्यांनी माझीच गोष्ट काढली. नाव घेतलं नाही, एवढी मेहरबानी. ‘आगरातली एक मुलगी’ म्हणाले. ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तोवर पाच वर्षं शाळेत शिकवत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. लोक आधी बेताने हसले आणि मग फोटोकडे बघून मनमोकळे हसले. तुम्हाला जाऊन पुरते तेरा दिवस झाले नव्हते, तरी माझ्यावर हशा पिकवायचं काम तुम्ही सोडलं नव्हतं. मी घरी आले आणि भांडी घासायला बसले.

त्यालाही आता उभा जन्म लोटला. तुम्हाला लिहायचं असं कधी मनात आलं नव्हतं. या आठवड्यात माझ्या नातीमुळे आलं, पण तिचं शेवटी सांगेन. तुम्हीच शिकवलं होतंत की आधी घडलेलं आधी सांगावं.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मी सातवीची फायनल पास झाले होते. खाडीकाठच्या आमच्या गावात फायनल झालेली पहिली मुलगी मीच. ट्रेनिंग कॉलेजला जायचं आणि मास्तरीण व्हायचं, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याला गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं शिफारसपत्र लागायचं आणि पनवेलात तुमच्या शब्दाला वजन होतं. तुम्ही निवृत्त शिक्षक, वाचनालय चालवणारे. बाबा मला घेऊन तुमच्याकडे आले. ते आगरात मीठ काढायचे, मिठाने टाचा चिरलेल्या, म्हणून वाचनालयाच्या गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकायला लाजत होते. दारातूनच म्हणाले, “पोरीला शिकायचा हाय, गुरुजी. आमाला त्यातला काय कलत नाय.” तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. “दोन महिने इथे येऊन काम कर. नवी कपाटं आली आहेत, पुस्तकं विषयवार लावायची आहेत. काम नीट झालं तर पत्र देईन.” मी रोज पाच मैल चालत येऊ लागले.

तुमचा एक नियम होता आणि तो मी अजून विसरलेले नाही. पुस्तक उघडायचं नाही. “वाचत बसलीस तर जन्मात संपायचं नाही. पाठीवरचं नाव बघ, विषय ओळख, खणात ठेव.” मी तो नियम पाळला. धूळ पुसताना एखादं पान आपोआप उघडलं तर मी डोळे मिटून ते बंद करायची. एवढी तुमची भीती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तुमच्याबद्दल आदरही तेवढाच होता. तो आदर होता म्हणूनच पुढचं इतकं लागलं.

दुसऱ्या महिन्यात गठ्ठ्यातून एक पुस्तक निघालं, ‘नारळ-पोफळीचे आगर’. दोन दिवसांनी ‘भक्तिरसाचे आगर’. मग ‘सुगरणीचे आगर’, आणि एक जाडजूड कादंबरी, ‘आगरातील पाहुणा’. मी प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून उभी राहिले. आमच्या गावात आगर म्हणजे एकच. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यात सुकवायचं, फळीने मीठ ओढायचं आणि ढीग घालायचा, ते आगर. दुसरं आगर असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगायला आमच्या गावातही ते कुणाला ठाऊक नव्हतं. आगरात पाहुणे येतातच, आगरात भजन होतंच, आणि मीठ घातल्याशिवाय सुगरण कसली? नारळ-पोफळीचं मात्र जरा अडलं, पण कुणी बांधावर झाडं लावायचा उपाय लिहिला असेल, अशी मी समजूत घातली. छापलेल्या पुस्तकांत आम्ही आहोत, आणि तेही चार-चार पुस्तकांत, या आनंदात मला दुसरं काही दिसत नव्हतं. मधल्या कपाटातला एक खण मी रिकामा केला, चारही पुस्तकं त्यात उभी केली आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहून डकवली: ‘मिठागरे’.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं. बाबा जेवत होते, त्यांचा हात ताटात तसाच राहिला. “आमच्या आगरावर चार बुकं? मंग मना बगायचीत.”

कपाटांचं उद्घाटन होतं त्या दिवशी ते आले. धुतलेलं धोतर नेसून, आणि तुमच्यासाठी फडक्यात बांधून पांढरंशुभ्र मीठ घेऊन. कमिटीचे लोक जमले आहेत, चहा फिरतो आहे, तुम्ही एकेक कपाट दाखवत पुढे येता आहात. माझ्या खणाशी तुम्ही थांबता. चिठ्ठी वाचता. आणि मला बाजूला घेऊन सांगायच्या ऐवजी तुम्ही एकेक पुस्तक बाहेर काढून नाव मोठ्याने वाचता, प्रत्येक नावानंतर लोकांना हसायला वेळ देऊन. “या मुलीच्या मते भक्तीसुद्धा मिठातच पिकते बरं का. आणि सुपारीही.” कुणीतरी उपरण्याने डोळे पुसतं. मग तुम्ही माझ्याकडे वळता आणि तुमचं हसू एकदम बंद होतं. “अक्षर वाचता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे. जिला शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, ती मुलांना काय शिकवणार? पत्राचं पुढल्या वर्षी बघू.”

मी मान खाली घातली होती, तरी मला दारातले बाबा दिसत होते. ते हसत होते. त्यांना काही कळलं नव्हतं. एवढी मोठी माणसं आपल्या मुलीकडे बघून हसताहेत म्हणजे काहीतरी चांगलंच झालं असणार, असं समजून तेही हसत होते. गुरुजी, बाकी सगळं मी तुम्हाला एखाद्या वेळी माफ केलं असतं. ते हसू मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. परत जाताना अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, “त्या बुकांत आमी नाय का?” मी नाही म्हटलं. बराच वेळ चालल्यावर पुन्हा विचारलं, “मंग कंच्या बुकात हाव?” मिठाचं फडकं त्यांच्या हातात तसंच होतं. ते त्यांनी तुम्हाला दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी छत्री न्यायला आले. तुम्ही नव्हता. वाचनालयाच्या मागेच तुमचं बिऱ्हाड होतं. मागच्या दाराने काकूंनी मला हाक मारून स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि पुढ्यात तांदळाच्या पिठाची गरम भाकरी ठेवली. मी खात नव्हते. वर शिंकं टांगलेलं होतं आणि ते ज्यांना टांगलं होतं त्या कड्या चांगल्या नक्षीच्या, पितळेच्या, भारी होत्या. शिंक्याला एवढ्या कड्या कशाला, असं मी उगाच विचारलं. काकू हसल्या, मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “झोपाळ्याच्या आहेत त्या. ह्यांची पहिली नेमणूक तुमच्या खाडीकडच्या शाळेत झाली ना, तेव्हा तिथल्या माणसाचं पत्र आलं, आगरात घर मिळेल म्हणून. आमच्या खालच्या कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळी, गार सावली. हे मला म्हणाले, अंगणात झोपाळा बांधू. बोटीतून मी कड्या आणल्या, आणि नारळाचं रोप मांडीवर धरून आणलं. बैलगाडीतून उतरलो तर काय, नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. पान म्हणून हिरवं नाही. हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.” रोपाचं काय झालं, मी विचारलं. “लावलं की. खाऱ्या जमिनीत कसलं जगतंय.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “तुझं मन दुखलं म्हणून सांगितलं हो. कुणाला बोलू नकोस. ह्यांना फार लागेल.” मी शब्द दिला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आगर या शब्दावर माणूस कसा घसरतो हे पनवेलात सगळ्यात चांगलं तुम्हालाच माहीत होतं. तुम्ही नारळीचं आगर समजून मिठात येऊन पडलात, मी मिठाचं समजून नारळीत. खणापाशी उभे राहून हसताना तुम्हाला ती बैलगाडी आठवली नसेल, असं मी मानायला तयार नाही. आठवली म्हणूनच तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात. स्वतःची फजिती लपवायला तुम्हाला माझी सापडली आणि पुढे चौदा वर्षं तुम्ही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर दिलीत.

पुढल्या वर्षी पत्र मागायला मी आले नाही, कारण तोवर माझं लग्न ठरलं होतं. तुम्ही लग्नाला आला नाहीत, आहेर तेवढा पाठवलात. छोटा शब्दकोश. आतल्या पानावर तुमचं ते सुरेख अक्षर: ‘अर्थ पाहून वापरणे.’ सासरी सगळ्यांना वाटलं, काय विद्वान गुरुजी आहेत हिचे. मी एकटी असताना ‘आ’ काढला. आगर: एकाखाली एक तीन अर्थ. बाग, मिठाची जागा, साठा. म्हणजे माझ्या आगराला कोशातसुद्धा जागा होती, फक्त तुमच्या वाचनालयात नव्हती. ट्रेनिंगला जायला मला त्यानंतर सहा वर्षं लागली. नवऱ्याने साथ दिली, सासूने पोर सांभाळलं, पत्र दुसऱ्या गावच्या मुख्याध्यापिकेने दिलं. तुमचा त्यात काडीचाही वाटा नाही. कुणी तुम्हाला त्याचं श्रेय दिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ती चारही पुस्तकं पुढे वाचनालयाने रद्दीत काढली तेव्हा मी घरी आणली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कादंबरी भिकार आहे. चारांत मिळून मीठ फक्त स्वयंपाकाच्या पुस्तकात सापडलं, दर पानाच्या तळाशी, ‘चवीपुरते’. हे बाबांना वाचून दाखवायला हवं होतं, पण तोवर बाबा नव्हते.

आता आगरंही राहिली नाहीत. बाबा जिथे मीठ ओढायचे तिथून न्हावा शेव्याचे ट्रेलर जातात. आणि शब्दाला आणखी एक अर्थ फुटला आहे, तो तुमच्या कोशात नाही. एसटीच्या डेपोला आगर म्हणतात, तशी पाटीच आहे. परवा माझी नात, नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली, शाळेसाठी घरातल्या जुन्या माणसांची माहिती लिहीत होती. मी म्हटलं, तुझे पणजोबा ग, म्हणजे माझे बाबा, ते आगरात कामाला होते. तिने लिहून घेतलं आणि विचारलं, “ड्रायव्हर होते की कंडक्टर?”

मी हसले. जोरात, पोट धरून, सुनेला हाक मारून. हसता हसता तिच्याकडे लक्ष गेलं. कान लाल झाले होते आणि ती वही मिटत होती. सगळी संध्याकाळ ती माझ्याकडे आली नाही.

काल दुपारी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, या शब्दावर भले भले घसरतात, ऐक. मग काकूंना दिलेला शब्द मोडला. नारळाचं रोप घेऊन बोटीतून आलेल्या एका मोठ्या विद्वान गुरुजींची गोष्ट तिला सांगितली, बैलगाडीसकट, कड्यांसकट. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. दोनदा सांगायला लावली. खूप वर्षांनी माझ्या घरात तुमच्यावर हशा पिकला आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला, तो मी लपवत नाही.

मग तिने विचारलं, “आजी, तू कधी घसरलीस का ग?” कपाटात ती चार पुस्तकं शेजारी शेजारी उभी आहेत, तिच्या डोक्याच्या अगदी मागे. मी म्हटलं, नाही.