डावीकडची रांग

ता. ३ ऑगस्ट

चि. ढापण्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पुन्हा पत्रच. नवा चष्मा आला. डावा मायनस तेरा, उजवा मायनस अकरा. म्हणजे आता तू माझ्यापेक्षा दोन नंबरांनी मागे. लहानपणी सगळे तुलाच ढापण्या म्हणायचे आणि मी सुटायचे, त्याचं हे उट्टं असेल.

शाळेला पन्नास वर्षं होतायत. त्यासाठी चाळीस मुलांचं समूहगान बसवायचं काम गाण्याच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलंय. गाणं छान आहे, तीन आवाजांचं, प्रत्येक गट वेगळ्या वेळी सुरू होतो. पण काल गंमत झाली. डावीकडच्या रांगेतल्या दहा मुलांनी मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार दिली. बाई आमच्याकडे बघतच नाहीत, कधी सुरू करायचं याची खूण करत नाहीत, उजवीकडच्यांचेच लाड करतात. खाली दहा सह्या, त्यातली एक पेन्सिलीनं. मुख्याध्यापिका आणि मी पोट धरून हसलो. नव्या चष्म्याची फ्रेम लहान आहे, कडेचं काही धड दिसत नाही, हे मुलांना कोण सांगणार?

त्याच फ्रेमच्या कृपेनं परवा पुस्तकांच्या कपाटाचा कोपरा डाव्या खांद्याला लागला. शिवाय ग्रंथपाल बाई जिन्यात माझ्या डाव्या बाजूनं गेल्या, मी बोललेच नाही, म्हणून मी चढेल झाले अशी बातमी आहे. असो. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, चिडवणं मात्र कमी कर.

तुझी,
ताई


ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं आणि एकटाच हसत बसलो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या घड्याळाला हसतोय. संध्याकाळी हिला वाचून दाखवलं. ही हसली नाही. म्हणाली, ताईंना सगळं डावीकडूनच का लागतं?

मग आम्ही तुझी आधीची पत्रं काढली. मे महिन्यात दाराची चौकट, डावा खांदा. जूनमध्ये टेबलावरचा चहा कलंडला, डाव्या हाताशी होता. जुलैमध्ये सायकलवाला आकाशातून पडल्यासारखा समोर आला, तोही डावीकडून. आणि ताई, मे-जूनमध्ये तुझी नवी फ्रेम नव्हती.

मागच्या महिन्यात एक डोळ्यांचे डॉक्टर घड्याळ दुरुस्तीला आले होते. मी चष्मा काढून, भिंग न लावता काम करतो, ते बघत बसले. म्हणाले, एवढा मोठा नंबर म्हणजे डोळा मागच्या बाजूनं लांबट झालेला असतो. आतला पडदा ताणलेला, मेंदूकडे जाणारी नसही ताणलेली. अशा नसेला डोळ्यातला दाब लवकर बाधतो, कधीकधी दाब बेताचा असला तरी. त्यालाच काचबिंदू म्हणतात. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेनं कमी होत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. नंबर तपासून हे कळत नाही, दाब आणि नस वेगळी तपासावी लागते.

म्हणून सांगतो, दाखवून ये. मी एरवी तुला काही सांगायची हिंमत करतो का? या आठवड्यातच जा. तुझा लोभ मला सवयीचा झालाय, त्यात खंड नको.

तुझा,
ढापण्या


ता. १४ ऑगस्ट

चि. ढापण्यास,
आशीर्वाद, पण आज जरा जपून.

तू घड्याळं दुरुस्त कर, मला नको. गेल्याच महिन्यात नंबर तपासला, सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. शिवाय बिंदू झालाच तर पिकू द्यावा आणि काढून टाकावा, आईचा काढला तसा. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, नव्वद नाही.

ता. १६. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज तालमीत कोणाचं लक्ष नाही बघून मी मुलांच्या मागच्या फळ्याच्या मधोमध नजर ठेवली आणि उजव्या डोळ्यावर हात धरला. डावीकडची रांग नव्हती. अंधार नाही, काळा डाग नाही. मुलं नव्हती आणि त्यांच्या जागी भिंत पुढे चालू होती. हात काढला तरी कडेची दोन-तीन येईनात, मान वळवली तेव्हा आली. आणि ती दहाही जण माझ्याकडेच बघत होती रे. कधीची बघत असतील.

सोमवारची वेळ घेतली आहे.

ताई


ता. २५ ऑगस्ट

चि. ढापण्यास,
अनेक आशीर्वाद, तेही उपकार मानून.

काचबिंदूच निघाला. आईचा होता तो मोतीबिंदू. तो काढला की दिसतं. याचं तसं नाही. जे गेलं ते गेलं, आणि जे आहे ते राखायचं. डाव्या डोळ्याची नजर बरीच गेली आहे, उजव्याची आताशी कुठे कडेनं जायला लागली आहे. इतके दिवस उजवा डोळा दोघांचं काम ओढत होता, म्हणून कळलं नाही.

तपासणी मजेची होती. एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवायची आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मी सवयीनं तालात दाबायला लागले. तपासणाऱ्या मुलीनं मशीन थांबवलं आणि सांगितलं, बाई, दिसलं तरच दाबा. मग मी दिसलं तरच दाबलं, आणि फार वेळ दाबलंच नाही. तिथेच मला काय ते कळलं. बाहेर येऊन वॉशरूममध्ये दहा मिनिटं रडले. तोंड धुतलं, औषधाची बाटली घेतली आणि घरी आले. रोज रात्री जेवणानंतर दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आयुष्यभर, एकही दिवस न चुकता. डॉक्टर म्हणाले, नियमानं घातलंत, तपासत राहिलात, तर उजवा डोळा तुम्हाला शेवटपर्यंत साथ देईल अशी चांगली आशा आहे.

मुलांना खरं ते सांगितलं. मग तक्रारीवर पेन्सिलीनं सही करणारी उभी राहिली आणि म्हणाली की आम्ही तक्रार मागे घेतो. आणि उपायही त्यांनीच काढला. मी सरळ समोर तोंड न करता थोडं डावीकडे वळून उभं राहायचं, म्हणजे उजवीकडचे चांगल्या डोळ्यात मावतात आणि डावीकडचे समोर येतात. करून पाहिलं. पहिल्यांदाच चाळीसच्या चाळीस मुलं दिसली.

आता तुझं. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. तुझा नंबरही माझ्या मागोमाग आहे. कधी जातोस ते कळव.

तुझी,
ताई


ता. ३१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन वेळा पत्र लिहायला बसलो. दोनदा लिहिलं की दुकानात फार काम आहे. ते खोटं होतं, म्हणून फाडलं.

खरं असं आहे. ते घड्याळवाले डॉक्टर तुझ्याबद्दल बोलत नव्हते, त्यांना तू माहीतही नव्हतीस. ते माझ्याबद्दल बोलत होते. जाताना कार्ड देऊन गेले, या म्हणाले. ते कार्ड तेव्हापासून खणात, बारीक स्क्रूंच्या डबीखाली आहे. तुला दटावून जायला लावलं आणि मी मात्र बसून राहिलो. ताई, मला दुसरं काही येत नाही गं. हे डोळे गेले तर मी कोण? न तपासता बसलो की निदान रोज सकाळी दुकान उघडता येतं.

हिलाही हे आजच सांगितलं. ती रागावली नाही. कार्ड काढून तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. तूही रागावू नकोस. रागावलीसच तर सविस्तर रागाव, म्हणजे पत्र मोठं येईल.

तुझा,
ढापण्या


ता. ४ सप्टेंबर

चि. ढापण्यास,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा चार जास्त.

रागावले नाही. तू भित्रा आहेस हे मला तू तीन वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. पण भित्रा असूनही तू मला वेळेवर हाकललंस. तू गप्प बसला असतास तर मी अजून फ्रेमलाच शिव्या देत असते.

आता ऐक. एकोणीस तारखेला दुपारी चारला आमचं गाणं. तुम्ही दोघं यायचंच. त्याच दिवशी सकाळी दहाला माझ्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. मला तालमीमुळे येता येणार नाही, पण तुझी बायको तुला दारापर्यंत नव्हे, खुर्चीपर्यंत नेणार आहे. तिच्याशी माझं बोलणं झालंय. डोळे आधी, गाणं मग.

वाट बघते. हो, बघतेच.

ताई


ता. २४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गर्दीत तू मुलांच्या गराड्यात होतीस, आणि आम्हाला गाडी गाठायची होती. नीट बोलणं झालं नाही, म्हणून सगळं इथे.

सकाळी डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, त्यामुळे तुझा कार्यक्रम मी पाहिलाच नाही. सभागृहातला प्रत्येक दिवा मला फुटबॉलएवढा दिसत होता आणि तू त्यातला एक उंच धूसर ठिपका. ही कानात समालोचन करत होती. ताई वळल्या. हात वर गेला. डावीकडची रांग ताठ झाली. आणि मग ती दहा मुलं अशी अचूक सुरू झाली की ही पुढचं सांगायचंच विसरली. मी विचारत राहिलो, पुढे काय, पुढे काय; ही नुसती नाक पुसत होती. पण मला ऐकू येत होतं. ताई, इतकं सुंदर मी फार वर्षांत ऐकलेलं नाही.

आता माझं. रिपोर्ट त्याच सकाळी हातात मिळाले. मलाही आहे. पण अगदी सुरुवात. नसेला कणभर इजा झाली आहे, नजर अजून शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, हीच यायची खरी वेळ होती. थेंब घालायचे, दर चार महिन्यांनी तपासायचं आणि काम खुशाल करायचं. दवाखान्याबाहेर आल्यावर मी हिच्यासमोर फुटपाथवर उभा राहून हसत सुटलो. आजार निघाल्यावर इतका आनंद झालेला माणूस त्या रस्त्यानं पाहिला नसेल.

एकच अडचण. थेंब बघून मी डोळे घट्ट मिटतो. पहिल्या दिवशी एक गालावर, एक कानात. म्हणून आता जेवण झालं की मी खुर्चीत मान मागे टाकतो आणि ही उभी राहून घालते. काल बाटली हातात धरून ही थांबलीच. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाली की तुझे डोळे एवढे मोठे आहेत हे मला माहीतच नव्हतं. बावीस वर्षं संसार झाला गं आमचा. पण चष्म्याच्या जाड काचेतून ते मण्याएवढे दिसतात, काम करताना चष्मा काढतो तेव्हा मान खाली, आणि झोपताना काढतो तेव्हा मिटलेले. मग कुठून दिसणार?

थेंब घालायला पाच मिनिटं लागली. कामाचं एक मिनिट, बाकीची चार ही नुसती बघत होती.

तुझा,
ढापण्या