मामाचा देखणा फोन

दि. ३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद वि. वि.

तू म्हणशील, खिशात नवा कोरा फोन असताना मामाने पत्र का लिहावं? कारण तो फोन बंद आहे. आत्ता, हे लिहितोय तेव्हाही बंद आहे. सख्खी भाची फोनच्या दुकानात कामाला, आणि माझ्या नशिबी हे यावं!

मी तुला काय सांगितलं होतं? बटणांचा दे, जाडजूड दे, दिसायला कसाही चालेल, पण बॅटरी दणकट हवी. तू पाठवलास आरसा. त्यात बघून भांग पाडावा, एवढाच त्याचा उपयोग. हातमोजे घालून बोट फिरवलं तर त्याला कळतच नाही. मोजे काढावेत तर ग्रीसच्या बोटांनी भलत्यालाच लागतो. परवा साइटवरच्या साहेबांना लागला आणि मी मामीच समजून दरडावून विचारलं की गोळी घेतलीस का. खिशातून साबणासारखा निसटतो ते वेगळंच. आणि एवढं सगळं करून दुपारचा डबा उघडायच्या आत बॅटरी खलास!

तुला ठाऊक आहे, हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मामी दिवसभर घरी एकटी असते आणि मी क्रेनच्या केबिनमध्ये आभाळात टांगलेला. दर तासाला तिचा आवाज ऐकला की मला पुढचं काम सुचतं. माल उचललेला असताना मी फोनला हात लावत नाही, उगाच शंका नको. पण आता फोन मेला की अख्खी शिडी उतरायची, वॉचमनच्या खोलीत तो चार्जिंगला लावायचा, परत चढायचं, परत उतरायचं. शुक्रवारी उतरताना पाय सटकला. कठडा हाताला लागला म्हणून वाचलो. मामीला यातलं काही बोलू नकोस.

तू म्हणे लोकांना फोन निवडून देतेस! त्याचा तुला पगार मिळतो याचंच मला नवल वाटतं. बटणांचा फोन ताबडतोब पाठव. रागावलोय, तरी वेळेवर जेवत जा.

तुझा मामा


दि. ७ मार्च

ती. मामीस सा. न. वि. वि.

मामाचं पत्र आलं. मामी, आता मात्र मी ऐकून घेणार नाही.

मी त्याच्यासाठी बटणांचा फोन काढूनच ठेवला होता. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको, असा. तू दुकानात आलीस, तो बाजूला सारलास आणि म्हणालीस की दिसायला देखणा आणि बॅटरीला कमजोर असा एखादा दाखव. असं मागणारं गिऱ्हाईक आमच्या मालकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. वर मला गळ घातलीस की मामाला यातलं अक्षर कळता कामा नये. मी शोकेसमधला सगळ्यात पातळ फोन उचलून दिला आणि आता शिव्या खातेय. माझ्या पगारापर्यंत पोचलाय तो! आणि मी तुझं नाव घ्यायचं नाही, गप्प बसायचं.

तेही बसले असते. पण बॅटरी संपली की तो शिडी उतरून चार्जिंगला खाली येतो आणि पुन्हा चढतो. शुक्रवारी पाय सटकला. थोडक्यात वाचला. तुला सांगू नकोस म्हणालाय, पण मी सांगतेय. तुला नक्की हवंय तरी काय? हे मला कळल्याशिवाय मी दुसरा फोन पाठवणार नाही. चिडून लिहिलंय, पण माया तेवढीच आहे, ती मोठ्या मनाने घे.

तुझी ठकू


दि. १० मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तशीच लिहायला बसले. फोन न करता लिहितेय, कारण माझा फोन जरा व्यस्त लागला की काय होतं ते ऐक. मागे माझ्या ताईशी बोलत बसले होते, तर तुझा मामा क्रेनवरून उतरला आणि डोक्यावरच्या हेल्मेटसकट धापा टाकत दारात उभा राहिला. दुसऱ्या वेळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हाही तेच. साहेबांनी बजावलंय की पुन्हा काम टाकून उतरलास तर कायमचा खालीच राहा.

मला वाटलं, फोनच बंद पडला तर ह्याचे फोनही बंद होतील. निदान संध्याकाळपर्यंत वर स्वस्थ बसेल. तर हा चार्जिंगसाठीच उतरायला लागला! कपाळ माझं.

आणि मी का चिडू नये गं? डॉक्टरांनी केव्हाच कामाला जा म्हणून सांगितलंय. पडद्यांच्या दुकानातलं माझं शिलाई मशीन धूळ खातंय, पण हा जाऊ देईल तर शपथ. गोळी घेतलीस का, झोपलीस का, जिना उतरलीस का, आवाज असा का येतोय. अरे, आवाज असा येतोय कारण तू मला तासातासाला झोपेतून उठवतोस! ऑपरेशन माझं झालं, अंथरूण मात्र यानं धरलंय. नवरा किती जपतो म्हणून बायका माझा हेवा करतात. त्यांनी एक आठवडा हे जपणं सोसून दाखवावं.

तू बटणांचा फोन पाठव. बाकीचं मी त्याला तोंडावर सांगते, लपवाछपवी पुरे झाली. तुला उगाच बोलणी खायला लावली. राग धरू नकोस आणि मामीला परकी करू नकोस.

तुझी मामी


दि. २० मार्च

चि. ठकूस आशीर्वाद. या वेळी एकच, अनेक नाहीत.

फोन पोचला आणि तुमचं कारस्थानही कळलं. जो आधीच मामा आहे त्याला पुन्हा मामा बनवलंत दोघींनी! मी घर डोक्यावर घेतलं. मामीने त्याहून वरचा सूर लावला. छातीवर एवढे टाके पडलेली बाई इतकं ओरडू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मग मीच माघार घेतली.

ठरलं असं की ती कामाला जाणार, मी दिवसा फोन करायचा नाही, आणि दुपारच्या सुट्टीत ती मला करणार. म्हणजे बघ, बॅटरी दणकट मिळाली तेव्हा फोनला बंदी! पहिले दोन-तीन दिवस तिने शब्द पाळला. आज डबा संपला, सुट्टी संपली, पण फोन नाही. बटणावर अंगठा ठेवून बसलो. नको नको ते मनात आलं. उठून एक पाय शिडीवर ठेवलासुद्धा. मग तिचा रागावलेला चेहरा आठवला आणि पाय परत आत घेतला. पुढचं काम कसं केलं ते माझं मला माहीत.

संध्याकाळी धावत घरी गेलो. बाईसाहेब नुकत्या येऊन दारात चपला काढत होत्या, वर गुणगुणत होत्या. फोनचं विचारलं तर म्हणाली, नाट्यगृहाचे मोठे पडदे आलेत, कापायला बसले आणि विसरूनच गेले. विसरली! ठकू, मी तिकडे जीव मुठीत धरून बसलोय आणि ही मला विसरली! मी इतका भडकलो की शेजारी बाहेर आले. ती आपली हसतेय.

आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑपरेशननंतर तिला दुखणं विसरता आलं नव्हतं, गोळ्या विसरता आल्या नव्हत्या. मी विसरू दिलं नव्हतं. आज ती कामात इतकी रमली की मलाही विसरली. बरी झाली गं ती, ठकू. खरंच बरी झाली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही, हे ध्यानात ठेव आणि तो काढायला मामाकडे जेवायला ये.

तुझा मामा